तीन गमचा हिशेब

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात ‘इच्छाशक्ती’ हा शब्द अकरा वेळा आलाय आणि ‘मिलिग्रॅम’ एकदाही नाही. तुझी अडचण मला तिथेच दिसली.

सिगारेट वाईट का, फुप्फुसांचं काय होतं, आईला कळलं तर काय होईल, हे तुला माहीत आहे. त्यात माझा आणि तुझा वेळ घालवत नाही. तू सव्वीस वर्षांची. दिवसाला चौदा सिगारेटी, पहिली उठल्यापासून दहा मिनिटांत, गॅलरीत. तीनदा सोडलीस. तिसऱ्या खेपेला निकोटीनचे गम आणलेस, २ मिलिग्रॅमचे. ‘त्याचीही सवय लागू नये म्हणून’ दिवसाला दोन, फार तर तीन घेतलेस. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसखालच्या टपरीवर एक सुटी घेतलीस आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा चौदावर आलीस. आणि आता विचारतेस, ‘काकू, माझ्यातच काही कमी आहे का?’

आहे ना. निकोटीन कमी होतं.

चिडू नकोस, हिशेब मांडून दाखवते. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. चौदा सिगारेटी म्हणजे दिवसाला १४ ते २१ मिलिग्रॅम. २ मिलिग्रॅमचा गम नीट चघळला तर त्यातलं जेमतेम निम्मं रक्तात पोचतं, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या आसपास. तीन गम म्हणजे ३ मिलिग्रॅम. आणि तू तो नीट चघळत नव्हतीसच, त्याकडे पुढे येते. थोडक्यात, शरीराला रोज पंधरा-वीसची सवय, आणि तू एका रात्रीत त्याला दोन-तीनवर आणलंस. वर स्वतःला म्हणालीस की मी औषध घेऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. औषध घेतलंच कुठे तू? वास घेतलास.

या पत्रात एकच गोष्ट मी पुनःपुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. पुरेसं घे, आणि पुरेसे दिवस घे.

आता तुझी भीती. ‘एका व्यसनातून दुसऱ्यात जायचं का?’ तुला ज्याची तलफ येते ते निकोटीन. तुला जे मारणार आहे तो धूर: डांबर, कार्बन मोनॉक्साइड, जळत्या तंबाखूतली हजारो रसायनं, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग घडवणारी. गममध्ये आणि पॅचमध्ये (कातडीवर लावायची निकोटीनची चिकटपट्टी) यांतलं काही नाही. निकोटीन अगदी निर्धोक आहे असं मी म्हणत नाही, पण ही दोन एकाच पारड्यात टाकणं म्हणजे गॅसच्या सिलिंडरला भिऊन घरात वणवा पाळण्यासारखं आहे. आणि व्यसन लागतं ते वेगामुळे. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. गमला अर्धा तास लागतो, पॅचला काही तास. इतक्या हळू येणाऱ्या गोष्टीची सिगारेटसारखी चटक लागणं अवघड असतं. काही जण गम वर्षभर चघळत राहतात, हे खरं. मला ते चालतं. सिगारेट चालत नाही.

तू चौथ्या दिवशी का पडलीस, तेही समजून घे. निकोटीन रक्तात फार टिकत नाही, दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री बाराला शेवटची ओढलीस तर सकाळी सातपर्यंत जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून ती पहिली दहा मिनिटांत लागते. सोडल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोचतो, आणि पुढचे दोन ते चार आठवडे ओसरत जातो. चिडचिड, बेचैनी, उदासी, झोपमोड, भूक, आणि तू लिहिलंयस तसं ‘स्क्रीनवर कोड दिसतो पण डोक्यात शिरत नाही’. स्त्रियांच्या शरीरात निकोटीन पुरुषांपेक्षा जरा वेगानेच निपटतं, हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असलीस तर आणखी वेगाने. (घेत असलीस तर डॉक्टरांना सांग, मला सांगायची गरज नाही. त्या गोळ्या आणि सिगारेट ही जोडी रक्ताच्या गुठळीच्या दृष्टीनेही वाईट.) म्हणजे तू सगळ्यात कठीण दोन दिवस ३ मिलिग्रॅमवर काढलेस. याला इच्छाशक्ती कमी आहे असं म्हणतात का? मी तर उलट म्हणेन, नको तिथे फारच खर्च केलीस.

आता काय करायचं ते. नीट वाच, वाटल्यास लिहून काढ.

आधी डॉक्टरांकडे जा. २ मिलिग्रॅमचे गम केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो, ४ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते, आणि नुसत्या गमवर सोडायची असेल तर ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते त्याच्यासाठी ४ मिलिग्रॅमचाच डोस आहे. तुला दहा मिनिटांत लागते, त्यामुळे चर्चेचा विषयच नाही. छातीत दुखणं, ठोके अनियमित पडणं, पोटात अल्सर, जबड्याचा त्रास, किंवा दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगायचं. जिल्हा रुग्णालयांमधून आणि बऱ्याच दंत महाविद्यालयांमधून तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत, तिथे समुपदेशन फुकट मिळतं. सिगारेटच्या पाकिटावर जो १८००-११-२३५६ नंबर छापलेला असतो तोही खरा आहे, फोन उचलतात. तू तो नंबर रोज चौदा वेळा हातात धरला आहेस.

माझं स्वतःचं मत विचारशील तर तुझ्यासाठी पॅच आणि गम दोन्ही. पॅच दिवसभराची पातळी राखतो, गम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी. दोन्ही मिळून एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पॅचपेक्षा जास्त लोकांची सुटते, हे वारंवार तपासून झालं आहे. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना २१ मिलिग्रॅमचा पॅच, सहा आठवडे. मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. सोबत २ मिलिग्रॅमचे गम, पहिले काही आठवडे दिवसाला सहा ते दहा. पुरले नाहीत तर ४ मिलिग्रॅमचे, डॉक्टरांना विचारून. पॅच परवडत नसेल किंवा कातडी फारच चिडत असेल तर नुसते ४ मिलिग्रॅमचे गम: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, निदान नऊ, जास्तीत जास्त चोवीस. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी. निदान नऊ, असं लिहिलंय. तीन नाही.

पॅच कंबरेच्या वर, केस नसलेल्या, कोरड्या, तेल-क्रीम न लावलेल्या कातडीवर लावायचा. दंडाची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग. तळहाताने दहा सेकंद दाबून धर. रोज नवी जागा, त्याच जागेवर आठवडाभर पुन्हा नको. थोडी खाज आणि लाली पहिल्या तासाभरात येते, ते चालतं, फोड आले तर काढ आणि डॉक्टरांना दाखव. कापून अर्धा करायचा नाही. काढलेल्या पॅचमध्येही निकोटीन शिल्लक असतं, तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि भाचरांच्या, मांजराच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा. तुझी शिफ्ट बदलत राहते, म्हणून घड्याळ बघू नकोस: जेव्हा उठशील तेव्हा नवा पॅच. रात्री ठेवलास तर स्वप्नं फार रंगीत आणि विचित्र पडतात. सहन होत नसली तर झोपताना काढ. पण तुझा घातवार सकाळचा आहे, तेव्हा आधी चार रात्री ठेवून बघ असं मी सांगेन.

गमबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. ‘गम’ हे नावच घात करतं. बबलगमसारखा चावला की निकोटीन सगळं एकदम लाळेत उतरतं, गिळलं जातं, पोटात जळजळ, उचकी, मळमळ, आणि पोटातून गेलेलं बरंचसं निकोटीन मेंदूत पोचायच्या आधी यकृतातच निकालात निघतं. तू लिहिलं आहेस की ‘गमने उचक्या लागायच्या आणि फरक काही पडायचा नाही’. बरोबर आहे, दोन्ही एकाच चुकीची लक्षणं आहेत.

तो असा घ्यायचा. दहा-पंधरा वेळा सावकाश चाव. जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवली की थांब. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सारून ठेव. एखाद्या मिनिटाने चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चाव, आता दुसऱ्या गालात ठेव. असं अर्धा तास. चव गेली की थुंक. तंबाखू खाणारा माणूस बार कसा धरून बसतो ते पाहिलंयस ना, तसंच, फक्त तंबाखू नाही. आणि तंबाखूला चुना कशाला चोळतात माहीत आहे? चुन्याने तोंडातलं वातावरण अल्कधर्मी होतं आणि निकोटीन तोंडाच्या अस्तरातून भराभर आत शिरतं. गममध्येही तशीच सोय केलेली असते. म्हणूनच चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोला, कुठलंही आंबट पेय गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चालत नाही. आम्लात निकोटीन अडकून पडतं. गम तोंडात ठेवून कटिंग प्यायलीस की त्या गमचे पैसे गटारात.

म्हणून तुझी सकाळ अशी: उठलीस की पॅच, दात घासून, चूळ भरून गम, अर्धा तास. चहा त्यानंतर. आता चहा आधी आणि त्याच्याबरोबर सिगारेट असा क्रम आहे, तो नुसता उलटा होतोय. गॅलरीचं दार पहिले पंधरा दिवस सकाळी उघडू नकोस. झाडांना पाणी आई घालेल.

दिवसाही तसंच. तलफ आल्यावर गम शोधत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. अकराच्या ब्रेकला सगळे खाली जातात ना, मग पावणेअकराला गम तोंडात असला पाहिजे. ज्या मीटिंगनंतर तुला हमखास लागते तिच्या शेवटच्या दहा मिनिटांत गम तोंडात असला पाहिजे. तलफ स्वतः काही मिनिटांची असते, ओढलीस तरी जाते, नाही ओढलीस तरी जाते. तेवढ्यात थंड पाणी, जिना, एखादा फोन, जे जवळ असेल ते. यावर लोक पानंच्या पानं लिहितात. मला त्यात फारसं सांगण्यासारखं वाटत नाही. डोस पुरेसा असला तर ती मिनिटं जातात. नसला तर जपमाळ ओढूनही जात नाहीत.

कॉफी अर्धी कर. हे बहुतेक कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृताला कॅफीन लवकर निपटायला लावतात. धूर बंद झाला की तीच कॉफी रक्तात जवळजवळ दुप्पट वेळ राहते. तू दिवसाला पाच कप पितेस. सोडल्यावर हात थरथरणं, छातीत धडधड, झोप न येणं यातलं किती निकोटीनचं आणि किती कॉफीचं, हे तुलाच कळणार नाही आणि सगळं खापर सोडण्यावर फुटेल. पाचाचे दोन-तीन कर, दुपारी चारनंतर नको. घरात कोणी मानसिक आजारावर क्लोझापिन किंवा ओलान्झापिन, किंवा दम्यावर थिओफिलिन घेत असेल आणि तेही सिगारेट सोडणार असतील, तर त्यांचा डोसही याच कारणाने डॉक्टरांकडून बघून घ्यावा लागतो.

बाकीच्या तक्रारी भराभर उरकते. बद्धकोष्ठ होतं: पाणी, पपई, रात्री इसबगोल. खोकला उलट वाढतो, कारण श्वासनलिकेतली, कफ झाडून बाहेर काढणारी बारीक लव पुन्हा कामाला लागते, काही आठवडे. तोंड येतं, जातं. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, ते लपवणार नाही. फुटाणे, काकडी, चुरमुरे हाताशी ठेव, पण पहिल्या महिन्यात डाएट सुरू करू नकोस, एका वेळी एकच लढाई. तोंडात बडीशेप, लवंग, वेलची चालेल. सुपारी नको, गोड सुपारीही नको, ती स्वतःच कर्करोगाला कारण होते. आजीच्या मिश्रीच्या डबीकडे तर बघूही नकोस, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. महाराष्ट्रात लोक तंबाखू ओढतात त्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त खातात आणि लावतात, त्यामुळे सिगारेट सोडून इकडे सरकणं फार सोपं आहे. ‘हर्बल’ सिगारेटीही जळतातच, धूर तो धूरच. व्हेपचं म्हणशील तर २०१९ च्या कायद्याने त्याची विक्रीच बंद आहे. चोरून मिळतं त्यात किती निकोटीन आणि काय काय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डोस माहीत नाही अशी वस्तू मी तुला कधीच सुचवणार नाही.

तू विचारलंस, रोज एक-एक कमी करू का. नको. ब्रिटनमध्ये जवळजवळ ७०० जणांवर हा प्रयोग झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी दोन आठवडे कमी करत नेऊन सोडली, निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम. दोन्ही गटांना निकोटीनची औषधं होती. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले, हळूहळूवाल्यांपैकी ३९. शिवाय चौदाच्या सात केल्या की माणूस त्या सात खोल ओढतो, बुडापर्यंत ओढतो, शरीर आपला हिशेब भरून काढतं. एकदम सोड. पण औषध एकदम सोडू नकोस, ते हळूहळू. तू नेमकं उलटं केलंस.

तारीख पाडव्याची, वाढदिवसाची नको. पुढच्या आठवड्यातला मंगळवार धर. त्याआधी घरात १४ पॅच आणि निदान १०० गम आलेले असले पाहिजेत. एवढे कशाला म्हणून केमिस्ट तोंडाकडे बघेल, बघू दे. मागच्या वेळी एकच पट्टी आणली होतीस. रात्री साडेअकराला गम संपतो तेव्हा केमिस्ट बंद असतो आणि टपरी उघडी असते. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी दोरीला लायटर टांगलेली टपरी तुला कुठल्याही कोपऱ्यावर सापडेल. मला राग येतो तो त्याचा. पाकीट घ्यावं लागलं असतं तर चौथ्या दिवशी संध्याकाळी तू कदाचित दोन मिनिटं थांबली असतीस.

पहिले तीन आठवडे बिअर टाळ. मैत्रिणींना कारण सांगायचं नसेल तर अँटिबायोटिक चालू आहे म्हण.

आणि एखादी ओढलीसच, तर पॅच काढायचा नाही. ‘पॅचवर सिगारेट ओढली की हार्ट अटॅक येतो’ हे ऑफिसातलं ज्ञान मला माहीत आहे. पॅच लावून सिगारेट ओढू नये, हा इशारा पाकिटांवरून काढायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच परवानगी दिली. ओढलीस तर ती विझव, पॅच तसाच ठेव, गम घे, आणि रात्री रडत बसण्याऐवजी मोज: आज किती गम घेतले होते? बहुतेक वेळा उत्तर दोन किंवा तीन असतं. मग दुसऱ्या दिवशी आठ. उलट मळमळ, गरगरणं, थंड घाम, धडधड होऊ लागली तर जास्त झालंय, तेवढा एक गम वगळ. जास्त झालेलं शरीर लगेच ओरडून सांगतं. कमी पडलेलं मात्र ‘मी नालायक आहे’ या आवाजात बोलतं, म्हणून ओळखू येत नाही.

आता पुरेसे दिवस. तिसऱ्या आठवड्यात तुला छान वाटेल आणि तू मला लिहिशील, ‘काकू, आता गरज नाही वाटत, बंद केलं.’ नको लिहूस तसं पत्र. छान वाटतंय ते पॅचमुळे. टीबीचं औषध दोन महिन्यांनी खोकला थांबला म्हणून सोडतं का कोणी? सिगारेटींमुळे मेंदूत निकोटीन धरणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्या न ओढणाऱ्या माणसाइतक्या व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर कुबडी टाकायची नाही. बाराव्या आठवड्यानंतर गम एखाददुसरा चालू राहिला, लग्नात, परीक्षेत, भांडणात, तर तो पर्समध्ये असू दे.

गम आणि पॅच जमलेच नाहीत तर व्हॅरेनिक्लिन आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ते निकोटीनच्याच जागेवर जाऊन बसतं, तलफही कमी करतं आणि सिगारेटमधली मजाही. तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करायचं: तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चार दिवस अर्धा दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, बारा आठवडे. जेवून, भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळ हमखास. ब्युप्रोपिऑन हाही पर्याय आहे, पण फिट येण्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही. यांना कोणी ‘नशेच्या गोळ्या’ म्हणालं तर वाद घालू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीनची औषधं आणि या दोन गोळ्या, तिन्ही आहेत.

शेवटी तुझ्या मामांचं. ‘मी एका दिवसात सोडली, काही घेतलं नाही, मन पाहिजे.’ खरं बोलत असतील. सिगारेट सुटलेल्यांत असे पुष्कळ आहेत. पण नुसत्या मनावर सोडणाऱ्या शंभरातले वर्षभर टिकतात ते तीन ते पाच. ते पाच जण लग्नाकार्यात भाषण देतात. उरलेले पंचाण्णव गॅलरीत असतात आणि स्वतःला दोष देत असतात. निकोटीनच्या औषधांनी टिकण्याची शक्यता पन्नास-साठ टक्क्यांनी वाढते. म्हणजे जादू नाही, पाचाचे साडेसात-आठ. दोन औषधं मिळून आणखी थोडे, समुपदेशनाने आणखी थोडे. मी जादू विकत नाही. मला ‘गोळीवाल्या बाई’ म्हणतात, कंपनीचं कमिशन मिळत असणार असंही म्हणून झालंय. एक रुपया कधी घेतला नाही, आणि का सांगतेय मी हे तुला, कोण जाणे. कदाचित मीही कित्येक वर्षं लोकांना ‘मन घट्ट करा’ एवढंच सांगून परत पाठवलं म्हणून. त्यांतल्या कोणालाही मी किती मिलिग्रॅम असं विचारलं नव्हतं. ते परत आले नाहीत तेव्हा मी मनाशी म्हणायचे, यांची तयारीच नव्हती. तयारी माझी नव्हती. तेव्हा मला हट्टी म्हण, एकसुरी म्हण, चालेल. पुन्हा त्या ‘मन घट्ट करा’वर मी जाणार नाही.

आईला सांगायचं की नाही हे तू ठरव. पण गम लपवायचे म्हणून कमी घेणार असलीस तर सांगून टाक. पिठाच्या डब्यामागे ठेवलेला गम पहाटे पाचला सापडत नाही.

मंगळवारी झोपायच्या आधी मला तीन आकडे पाठव: पॅच किती मिलिग्रॅमचा, किती वाजता लावला, आणि गम किती. कसं वाटतंय ते बुधवारी लिही.

तुझी,
काकू